वीतभर दार

१

सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी आमच्या घरात तीन गोष्टी हरवलेल्या असायच्या: ऋग्वेदाचा एक मोजा, सुयशच्या गाडीची किल्ली आणि माझा आवाज. पहिल्या दोन सापडायच्या.

मी मुळातच कमी बोलते. त्यात लग्नाला जेमतेम चार महिने झालेले, आणि घर दुसऱ्या बाईनं लावलेलं. सुयशची पहिली बायको विनिता दोन वर्षांपूर्वी गेली. आजार कळल्यापासून अकरा आठवड्यांत. मसाल्याच्या डब्यांवर अजून तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. मी पुण्याहून ख्राइस्टचर्चला आले ती जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन थंडीत. हॉर्नबी ह्या उपनगरातल्या घरात पहिल्यांदा चहा केला तेव्हा साखर कुठे आहे हे मला विनितानंच सांगितलं, असं म्हणायला हरकत नाही.

ऋग्वेदा तिची मुलगी. सात वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. शाळेत तिला ‘रिग्ज’ म्हणतात आणि ती मला ‘मायट्रेयी’ म्हणते. नावांच्या बाबतीत आम्ही दोघी सारखंच सोसतो. आई म्हणायचा प्रश्नच नव्हता. लग्नाआधी सुयशनं व्हिडिओ कॉलवर मला स्पष्ट सांगितलं होतं, “आई म्हणायची जबरदस्ती नको हं.” मी तेव्हा समजूतदारपणे मान हलवली होती. मान हलवायला काय जातं?

मोजा सापडला की ऋग्वेदा मागच्या अंगणात पळायची. तिथे शेजारच्या बेव्हच्या बाजूला लाकडी कुंपण आहे, सहा फूट उंच, फळीला फळी जोडलेली. जमिनीलगत त्यावर एक दार बसवलंय. वीतभर उंचीचं, हिरवं, पितळी मुठीचं. परीचं दार. इकडे अशी दारं झाडांना, कुंपणांना, वाचनालयाच्या भिंतीलाही असतात. दार उघडतं, पण आत काही नाही, मागे कुंपणाचीच फळी. मधल्या फटीत घडी घातलेला कागद मावतो. मूल पत्र ठेवतं, आणि दुसऱ्या दिवशी परीचं उत्तर आलेलं असतं. पालक लिहितात, अर्थात. आमच्याकडे सुयश लिहायचा.

असं मी धरून चालले होते.

उत्तरं इंग्रजीत असायची, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. ‘तुझा दात पडला, अभिनंदन.’ ‘तुझ्या कुंपणावरच्या गोगलगाईचं नाव काय?’ ऋग्वेदा ती मला वाचून दाखवायची, आणि स्वतःचं पत्र लिहिताना माझ्याकडून स्पेलिंग घ्यायची. दिवसभरात ती माझ्या इतक्या जवळ फक्त तेवढाच वेळ बसायची. तिचं कोपर माझ्या मांडीवर टेकलेलं असायचं. मी अवघड शब्द मुद्दाम सावकाश सांगायचे.

२

ऑक्टोबरातला रविवार होता. मी आणि सुयश कपडे वाळत घालत होतो. माझ्या तोंडात दोन चिमटे, म्हणजे न बोलायला कारणही होतं.

“मैत्रेयी, एक सांगायचं होतं,” तो म्हणाला. “थँक्स. पत्रांबद्दल.”

मी भुवया उंचावल्या.

“परीच्या पत्रांबद्दल गं. तूच लिहितेस ते कळतं मला. आधी विनिता लिहायची. ती गेल्यावर मला जमेना. दोनदा बसलो, पेन घेऊन नुसता रडलो. ऋग्वेदा रोज दार उघडून बघायची आणि बंद करून यायची. दीड वर्ष. एक शब्द बोलली नाही कधी. आणि तू आलीस त्या आठवड्यात पत्रं परत सुरू झाली.” त्यानं हातातला टॉवेल चार वेळा झटकला. “मला तेव्हाच बोलायचं होतं.”

मी तोंडातले चिमटे काढले. इथे मी ‘मी नाही लिहीत’ म्हणायला हवं होतं. एवढं सोपं वाक्य. पण चार महिन्यांत सुयशनं माझ्याकडे त्या नजरेनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. एरवी तो पाहुण्यांशी वागतात तसं वागायचा, हीटर हवा का, दूध संपलंय का. त्या क्षणी तो आपल्या माणसाकडे पाहत होता.

“त्यात काय,” मी म्हणाले.

आणि पुढचा टॉवेल उचलला. हात गार पडले होते, पण इथे ऑक्टोबरातही पडतात.

त्याच दिवशी मी हिशेबानं विचार केला. सुयश नाही, मी नाही. ऋग्वेदा स्वतः? तिला ‘बिकॉज’ अजून मला विचारावं लागतं. मग उरली शेजारीण. निदान तिला हात तरी होते, आणि वेळही.

३

बेव्ह अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. बाराही महिने पायांत जँडल्स, म्हणजे आपली रबरी चप्पल. मी विचारलं तशी तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटं आल्याच्या गाठींसारखी झालेली.

“लव्ह, मला स्वतःची सही जमत नाही,” ती म्हणाली. “मला वाटलं तूच लिहितेस. बिचारीला हीप्स आनंद झालाय.” हीप्स म्हणजे ढीगभर.

तिनं मला तिच्या बाजूनं कुंपण दाखवलं. फळ्या सलग, रंग न उडालेला, समोर गुलाब. गुलाबांखालची माती भुसभुशीत, त्यावर मांजराचीसुद्धा पावलं नव्हती.

“ते दार मीच दिलं विनिताला,” बेव्ह म्हणाली. “सेलमध्ये होतं. दोनावर एक फुकट. माझ्या आजीनं बघितलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं.”

“का?”

“आजीचे आईवडील आयर्लंडहून इथल्या वेस्ट कोस्टला आलेले, सोनं शोधायला. सोनं काही मिळालं नाही, भीती मात्र सोबत आणली होती. आजी घरात ‘फेअरी’ हा शब्द काढू द्यायची नाही. ‘ते’ म्हणायची. बाळाच्या पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवायची. माझी आई ह्या सगळ्याला हसायची. तिनं मला रविवारच्या शाळेच्या नाटकात परी केलं, पिठाच्या पिशवीचे पंख लावून. आजी नाटकाला आली नाही.”

“आणि तू?”

“मी? मी दारं विकत घेते.” ती खोकेपर्यंत हसली. मग जरा थांबून म्हणाली, “आजीच्या ‘त्यांना’ पंख नव्हते हं. आकारही आपल्याएवढाच. पंख नंतर आले, पुस्तकांतून. पंख आले तशी उंची कमी होत गेली. मग भीती कशाची वाटणार? एवढ्याशा जिवाची?” तिनं बोटांनी फुलपाखराएवढं माप दाखवलं.

संध्याकाळी मी ऋग्वेदाला विचारलं, परी कशी असते गं? ती म्हणाली, पिंक. मग विचार करून म्हणाली, शाळेत मिसनं माओरी गोष्ट सांगितली, डोंगरावरच्या धुक्यात राहणाऱ्या लोकांची. मिस म्हणाली त्यांची चेष्टा नाही करायची. “बट दे डोन्ट डू लेटर्स,” असं म्हणून तिनं तो विषय निकालात काढला.

४

नीता आत्याला मी दुसऱ्या दिवशी फोन लावला. आत्या कराडजवळ कृष्णेकाठी राहते. माझ्या माहेरात मी मनातलं बोलते अशी तीच एक. तिला सगळं सांगितलं, फक्त ‘त्यात काय’ हे दोन शब्द सोडून.

आत्यानं टीव्हीचा आवाज बंद केला.

“आमच्या घाटावरच्या आसरा आठवतात तुला?”

आठवत होत्या. पाण्याच्या कडेला सात दगड, शेंदूर लावलेले. लहानपणी मला त्या बाजूला एकटीनं जाऊ द्यायचे नाहीत. आसरांना बायका प्यार असतात म्हणे, नव्या नवऱ्या, बाळंतिणी, आणि त्यांची पोरं. पुढे पुण्यातल्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी चांदीच्या कागदाचे पंख लावून परी झाले. त्या सात जणी आणि ही परी एकाच घराण्यातल्या असतील, असं तेव्हा डोक्यातही आलं नाही.

“आता तिथं फरशी बसवलीय,” आत्या म्हणाली. “जलपरी पॉइंट म्हणून बोर्ड लावलाय. पोरं येऊन फोटो काढत्यात.”

“मग आता कोणी घाबरत नाही का?”

“फोटो काढणारी नाही घाबरत. पोहणारी घाबरत्यात.” तिनं सुस्कारा सोडला. “हे बघ पोरी, तिथं गोऱ्यांच्या देशात काय असेल ते मला नाही ठाऊक. पण दारात कुणी आलंय म्हटल्यावर तिला तशीच ठेवू नये. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. ओटी भर. ‘तुझ्या जागी सुखी राहा’ एवढंच म्हण आणि माघारी फीर. काही मागायचं नाही. कळलं का? आसराला द्यायचं असतं, तिच्याकडं मागायचं नसतं.”

हसू आलं मला. मी संगणकाच्या प्रोग्रॅममधले दोष शोधायचं काम करायचे. मनात म्हटलं, एका गोष्टीचं कारण सापडत नाही म्हणून नारळ घेऊन कुंपणाशी बसणारी मी नव्हे. आणि दोन दिवसांनी, सकाळी अकरा वाजता, दोघं बाहेर असताना, नारळ घेऊन कुंपणाशी बसले.

ऊन स्वच्छ होतं. पलीकडच्या गोदामातून ट्रक मागे घेतल्याचा टीं-टीं आवाज येत होता. हिरव्या बांगड्या कुठून आणणार? माझ्याच हातातल्या लग्नाच्या चुड्यातल्या दोन काढल्या. खणावर सगळं मांडलं, दाराला हळदकुंकू लावलं. ‘तुझ्या जागी सुखी राहा’ म्हणाले.

उठायचं एवढंच बाकी होतं. पण समोर परीचं दार होतं. परी म्हटलं की डोळे मिटून मागायचं, हे मला वयाच्या सहाव्या वर्षापासून पाठ होतं. वाढदिवसाच्या प्रत्येक केकवर तेच शिकवलं होतं की.

डोळे मिटून मी मनात म्हणाले, तिनं एकदा मला आई म्हणावं.

दुसऱ्या दिवशी खण, नारळ, तांदूळ, सगळं जागच्या जागी होतं. बांगड्या नव्हत्या. मॅगपाय पक्षी चमकदार वस्तू उचलतात, असं मी स्वतःला सांगितलं. इथे मॅगपाय हीप्स आहेत.

५

त्यानंतर पत्रं बदलली. आधी परी सांगायची, आता विचारू लागली.

‘तुझी आई तुला काय हाक मारायची?’

ऋग्वेदानं माझ्या मांडीला टेकून उत्तर लिहिलं. भिंगरी. कारण ती मागच्या दाराबाहेरच्या लाकडी ओट्यावर, डेकवर, गोल गोल फिरायची. ‘भिंगरी’ इंग्रजी अक्षरांत कसं लिहायचं ते मीच सांगितलं. पुढचं पत्र ‘प्रिय भिंगरी’ असं सुरू झालं.

‘केसांना तेल लावताना ती काय गुणगुणायची?’ शब्द नव्हते, नुसती चाल होती. ऋग्वेदा दाराशी आडवी झाली आणि फटीला तोंड लावून तिनं ती गुणगुणली. ‘तिच्या हातांना कसला वास यायचा?’ हिंग आणि लिंबाचं हँड क्रीम. ‘हसताना ती काय करायची?’ तोंडावर हात ठेवायची, कारण पुढचा एक दात वाकडा होता.

मी विनिताला कधी पाहिलं नव्हतं. त्या तीन आठवड्यांत ती मला एखाद्या जिवलग मैत्रिणीसारखी कळत गेली. खरं सांगायचं तर मला ती आवडायला लागली. असूयेनं सुरुवात करून असं कोणी आवडायला लागलं, की फार पंचाईत होते.

एका दुपारी ऋग्वेदा डेकवर हात पसरून गोल फिरत होती. मी धीर करून स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली, “भिंगरे!”

ती फिरतच राहिली. मी परत हाक मारली. ती थांबली, मागे वळून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“हू’ज दॅट?”

मला वाटलं चेष्टा करतेय. मग वाटलं, आईची हाक मी मारली म्हणून रागावलीय. तिच्या चेहऱ्यावर दोन्ही नव्हतं. एखादा परका फोन नंबर वाचावा तशी ती माझ्याकडे बघत होती.

मी तेल घेतलं, तिला पुढ्यात बसवलं आणि ती चाल गुणगुणले. गेल्याच आठवड्यात ऐकलेली, म्हणून मला येत होती. ती म्हणाली, “दॅट्स नाइस. इज इट युअर्स?”

माझ्या हातातली वाटी कलंडली. तेल फळीवरून ओघळून दोन फळ्यांच्या मधल्या फटीत गेलं. मुलं विसरतात, मी मनाला सांगितलं. पाच वर्षांच्या मुलीला किती आठवणार? पण विसरणं असं नसतं. ते पुसट होत जातं, अर्धंमुर्धं उरतं, चुकीचं उरतं. इथे एकेक वस्तू उचलून नेल्यासारखी जागा स्वच्छ होती. जे जे तिनं त्या दारातून आत सरकवलं होतं, नेमकं तेवढंच गेलं होतं. आणि त्या प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग मी सांगितलं होतं.

“ऋग्वेदा, पत्रं आता पुरे हं,” मी म्हणाले.

“व्हाय?”

मी सांडलेलं तेल पुसू लागले. ती म्हणाली, “इट्स ओके. देअर’ज ओन्ली वन लेफ्ट.”

“कसलं? काय विचारलंय?”

पण ती उठून गेली होती.

६

शनिवार होता. सकाळपासून नॉर्वेस्टर सुटला होता, इथला गरम कोरडा वारा. तो आला की माणसं डोकं धरून बसतात आणि कचऱ्याचे डबे रस्त्यावर फिरायला निघतात. मी भाजी चिरत होते. सुयश सिंकपाशी ग्लास धूत होता. खिडकीतून कुंपण दिसत होतं. मी ठरवलं होतं की आजपासून तिच्यावरून नजर काढायची नाही, आणि कांदा चिरताना डोळे पुसायला एकदाच खाली पाहिलं.

वर पाहिलं तर ऋग्वेदा दाराशी गुडघे टेकून बसली होती. हातात कागद नव्हता. दार उघडं होतं, आणि तिनं तोंड अगदी जवळ नेलं होतं.

“पान वाढलंय, ये गं!” ती म्हणाली.

मराठीत. मोठ्या बाईचा हेल काढून, ‘गं’ जरा लांबवून. नक्कल करत होती. मला क्षणात कळलं कोणाची. शेवटचं काय उरलं होतं, तेही कळलं. आवाज.

सुयशचा हात नळाखाली थांबला.

वारा पडला. दोन श्वास गेले असतील.

“पान वाढलंय, ये गं.”

हे ऋग्वेदानं म्हटलेलं नव्हतं. तिचे ओठ मिटलेले मला दिसत होते. आवाज खालून आला, जमिनीलगतून, जरासा घोगरा, शेवटी हसू दाबल्यासारखा. मी विनिताचा आवाज कधी ऐकला नव्हता. मला ओळखायची गरजही पडली नाही, कारण मी सुयशचा चेहरा पाहत होते. ग्लास त्याच्या हातातून सिंकमध्ये गेला आणि त्याला फुटल्याचंसुद्धा कळलं नाही.

मी अनवाणी धावले. डेक, पायऱ्या, गवत. दहा पावलांचं अंगण. दाराच्या फटीतून काहीतरी बाहेर आलं होतं, ऋग्वेदाच्या गालाकडे. मला आधी वाटलं कागद आहे. बोटं होती. दोन, मग तिसरं, मोठ्या बाईची, अंगठीच्या जागी फिकट वळ असलेली. त्या वीतभर दारातून मनगट यायला जागाच नव्हती, तरी मनगट येत होतं, आणि त्याच्यावर माझ्या दोन हिरव्या बांगड्या एकमेकींवर वाजत होत्या. ऋग्वेदानं गाल पुढे केला होता.

मी तिला कमरेला धरून मागे ओढलं. दोघी गवतात पडलो. दार आपटलं.

सुयश आला तोवर मी दार हातांनीच उचकटत होते. चार स्क्रू. दोन नखं गेली. निघालं तेव्हा मागे फळी होती. करडी, सलग, गाठीला गाठ. स्क्रूंची चार भोकं, आणि पितळी मुठीच्या मागे कोळ्याचं जुनं जाळं. न तुटलेलं.

“तू ऐकलंस?” सुयशनं मला विचारलं. तो फळीवर तळवा ठेवून बसला होता, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. “मैत्रेयी, तू ऐकलंस ना?”

७

दार मी गॅरेजमध्ये रंगांच्या डब्यांमागे ठेवलं. आणि त्याच दुपारी सुयशला सगळं सांगितलं. पत्रं मी लिहीत नव्हते. तुझे थँक्स मी फुकट घेतले. ओटी भरली आणि मागू नये ते मागितलं. ऋग्वेदाची आई मी तिच्याकडून काढून घेतली, एकेक शब्द, स्पेलिंगसकट.

तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो इमारतींची तपासणी करणारा माणूस. भूकंपानंतरच्या भेगा मोजत ह्या शहरात आला होता. त्यानं भेग मोजतात तसे दोनच प्रश्न विचारले.

“म्हणजे जे आत देतो, ते आपल्याकडून जातं?”

“हो.”

“आणि तिकडे जमतं?”

त्याला उत्तर नकोच होतं.

“तिला फक्त पाच वर्षांचं माहीत होतं,” तो स्वतःशीच म्हणाला. “तेवढ्यात हात आला, आवाज आला. माझ्याकडे अकरा वर्षं आहेत.”

“सुयश, ती विनिता नाहीये.”

“कळतंय मला.”

“तुझ्याकडे काही उरणार नाही. ती कोण होती हेसुद्धा तुला कळणार नाही.”

“कळतंय गं,” तो म्हणाला, फार मऊ आवाजात, आणि माझ्या सोललेल्या बोटांवर फुंकर घातली. मला वाटलं विषय संपला.

सोमवारी सकाळी मी ऋग्वेदाला हॉलमध्ये विनिताच्या फोटोसमोर बसवून वेणी घालत होते. जागा मी मुद्दाम निवडली होती. मी ठरवलं होतं, जेवढं मला माहीत आहे तेवढं रोज सकाळी तिला परत द्यायचं. हिंग, लिंबू, वाकडा दात. पहिला दिवस होता.

“हिला ओळखलंस?” मी विचारलं.

तिनं फोटोकडे नीट पाहिलं. प्रामाणिकपणे पाहिलं, शाळेत ओळखीचं उत्तर आठवताना पाहते तसं. मग मान हलवली. “शी लुक्स काइंड.”

“ही तुझी...” मी सुरू केलं. केसांचे तीन पेड माझ्या बोटांत होते, मऊ, कोमट, तेल लावलेले. ती मागे रेलली. डोकं माझ्या पोटावर टेकलं. सगळा भार टाकून, काही न राखता. इतक्या महिन्यांत ती अशी कधी टेकली नव्हती.

खिडकीबाहेर सुयश गवतातून चालत जाताना दिसला. ऑफिसचे कपडे, हातात स्क्रूड्रायव्हर, काखेत ते हिरवं दार. शर्टाच्या खिशात कागदांची जाड चळत होती. दोन्ही बाजूंनी लिहिलेली असणार. शनिवारपासून तो जेवणाच्या टेबलावर माझ्याकडे पाठ करून लिहीत बसत होता ते मी पाहिलं होतं. ऑफिसचं काम असेल, असं मी स्वतःला सांगितलं होतं. तो कुंपणाशी गुडघ्यांवर बसला.

धावले असते तर दहा पावलं होती. मला अंतर माहीत होतं.

“आई,” ऋग्वेदा म्हणाली.

अगदी सहज. नवा शब्द उच्चारून पाहिल्यासारखा नाही, रोजचा असावा तसा. “आई, बाबा तिथे काय करतोय?”

एकेक करून चारही स्क्रू बसले. बाहेर त्यानं खिशातून वरचा कागद काढला, घडी घातली, आणि आत सरकवायच्या आधी एकदा ओठांना लावला. मी उठायला हवं होतं. ह्या घरात विनिताला ओळखणारं ते शेवटचं माणूस होतं. आणि ते माणूस त्या बाजूनं परत येईल तेव्हा ते फक्त माझं असेल, हा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही.

“काही नाही गं,” मी म्हणाले. “हलू नकोस. वेणी सुटेल.”

आणि उजवा पेड मधल्यावर घेतला, डावा मधल्यावर घेतला, उजवा मधल्यावर.